सयामचे पापड

बाबांनी सयाम देशाहून आणलेले पापड तळून संपवले ते मीच. हे आधीच कबूल करून टाकते. पुढं जे झालं त्यात माझ्या वाट्याला फारसा मोठेपणा येत नाही, आणि उसना मोठेपणा घ्यायची मला खोड नाही.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. वटार गावात आमची केळीची बाग, थोडी पानवेल, आणि बागेच्या टोकाला कौलारू घर. घरात आजी, आई आणि मी. बाबा आगबोटीवर कामाला. दीड-दोन वर्षांनी एकदा यायचे, महिनाभर राहायचे आणि पुन्हा जायचे. घरी असले की पाहुण्यासारखे ओटीवर बसायचे. चहा मिळाला तर प्यायचे, नाही मिळाला तर गप्प राहायचे. चुलीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

बाबा बोटीवर काय करतात हे अख्ख्या वटारला ठाऊक होतं, कारण आजीनं ते सांगून ठेवलं होतं. "माजा ल्योक इंजिनावर हाय. त्याचा हात लागल्याबिगर बोट जाग्यावरून हलत नाय," असं ती मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगायची. बाबांनी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. पण तसं नाही, असंही सांगितलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी की बाबा बोटीवर स्वयंपाकी होते. आता यात लपवण्यासारखं काय, असं आजच्या पोरांना वाटेल. पण आम्ही बागायतदार माणसं. पुरुषानं बाग शिंपावी, केळीचे लोंगर खांद्यावरून वाहावेत, लग्नाकार्यात मोठ्या हंड्याखाली लाकडं सारावीत, इथपर्यंत ठीक. पण पगार घेऊन दुसऱ्याला रांधून घालणं म्हणजे जमिनीला पाठ दाखवणं. आमच्या गावचा एक माणूस मुंबईला साहेबाकडं बबर्जी होता, त्याला म्हातारपणीसुद्धा लोक 'उष्टी काढणारा' म्हणत. आजी स्वतःच म्हणायची. त्यामुळं बाबांनी तोंड का मिटून घेतलं हे मला नंतर समजलं. पुढं सांगते त्या आठवड्यापर्यंत मात्र मीसुद्धा इंजिनवाल्याची मुलगी होते आणि त्याचा थोडा तोराही मिरवत होते.

त्या वर्षी नाताळानंतर आईला विषमज्वर झाला. बाबा घरी पोहोचले तेव्हा ती अंथरुणात होती. तीन आठवडे ताप तिला सोडत नव्हता, आणि सोडला तेव्हा तिच्या अंगावर फक्त कातडी राहिली होती. आगाशीचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "ताप गेला. आता पोटात अन्न जायला हवं. मऊ, सहज गिळता येईल असं काहीही द्या." सांगायला सोपं होतं. पेजेचा वास आला की आई तोंड फिरवायची. दूध उलटून पडायचं. मऊ भात, साबुदाणा, बार्ली, सगळं करून झालं. माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे, आणि मी वाटी घेऊन गेले की माझी आई भिंतीकडं वळायची. मला तिचा राग यायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण यायचा.

घरी आजारी माणूस असलं की आमच्याकडं माणसांची रीघ लागते. बघायला येणाऱ्यांना कोऱ्या चहाबरोबर काहीतरी द्यावं लागतं. त्या दिवशी बाबा औषध आणायला आगाशीला गेले होते. ओटीवर पाच-सहा बायका बसलेल्या. फडताळात हात घातला तर बाबांनी आणलेला गोल पत्र्याचा डबा हाताला लागला. आत तांदळाचे पातळ, कडक, जवळजवळ पारदर्शक पापड. आल्या दिवशी बाबांनी तो आजीच्या हातात देऊन एवढंच म्हटलं होतं, "सयामचे हाईत. तांदळाचे. जपून ठेव." तांदळाचे आणि वाळवलेले, म्हणजे पापड. त्यात विचारायचं काय? आजीनं कढई ठेवायला सांगितली, मी तेल तापवलं आणि एक सोडला. काय फुलला म्हणून सांगू! पांढराशुभ्र, कढईच्या तोंडाएवढा. बायका ओटीवरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "विलायती पापड गो," म्हणत त्यांनी टोपली रिकामी केली. आजी खूश. मी डबा तळापर्यंत तळून काढला.

बाबा आले तेव्हा चुरा उरला होता. त्यांनी रिकामा डबा पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. मी चहा नेला तर म्हणाले, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे. चांगले फुलले." ते हसले नाहीत. चहा खाली ठेवला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "ते तळायचे नसतात. पान्यात भिजवतात. मऊ होतात, मग आत सारन घालून गुंडाळतात. तुज्या आयसाठी आनले होते. तिला गिळता आलं असतं."

मला वाटलं जमीन दुभंगावी. ते का बोलले नाहीत आधी, असं मी चिडूनच विचारलं. चूक माझी असली की मी आधी चिडते, हा माझा जुना स्वभाव. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं, खाली बघत, गुन्हा कबूल करावा तसं. इंजिन नाही. भटारखाना. मुंबई सोडल्यापासून परत येईपर्यंत बोटीवरच्या माणसांचं जेवण त्यांच्या हातचं. सयामला तांदूळ भरायला बोट आठ-दहा दिवस उभी राहायची, तेव्हा धक्क्यावर एक म्हातारी हंड्याच्या तोंडाला कापड बांधून त्यावर तांदळाचे पापुद्रे उकडायची. तिची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची तिला. रोज तिच्यापुढं उकिडवे बसून त्यांनी नुसतं बघितलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला म्हातारीनं त्यांच्या हातात पळी दिली होती. तिच्याचकडून त्यांनी वाळवलेले पापुद्रे घेतले होते, आईला एकदा करून खिलवायला; ती आजारी आहे हे त्यांना घरी आल्यावरच कळलं होतं. आजी बाहेर गेली की गुपचूप करायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण आजारपणात आजी घर सोडून हललीच नाही.

"मग आता ताजे करू," मी म्हटलं. "आपल्या फेण्यांसारखंच तर आहे." आमच्याकडं तांदूळ आंबवून, वाटून, ताटलीवर पातळ पसरून वाफेवर उकडतात आणि उन्हात वाळवतात, त्या फेण्या. मी दरवर्षी करत होते. बाबा म्हणाले, "तू कर. मी सांगतो."

आणि मग शनिवारी आमच्या घरी जे चाललं त्याला सोंगाशिवाय दुसरं नाव नाही. मी चुलीपाशी, पातेल्याच्या तोंडाला कापड बांधून, आणि बाबा मधल्या दाराआड. आजी जवळून गेली की ते खोकायचे आणि मी गाणं गुणगुणायची. आजी गेली की दाराआडून आवाज यायचा, "पातळ कर अजून. दुधासारखं." मी दुधासारखं करायची. "अजून." माझ्या मनात यायचं, एवढं पातळ पीठ कधी धरून राहील का? तांदूळ रात्रभरच भिजवायचा, आंबवायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण माझा फेण्यांचा हात. न आंबवता कसली चव येणार, म्हणून मी आदल्या दिवशीच्या तांदळाच्या आंबट पाण्याचा एक पेला हळूच ओतला होता. जिरंही घातलं होतं. शहाणपण दुसरं काय!

पहिला पापुद्रा फाटला. दुसरा कापडाला चिकटला. मग मी चिडून पीठ घट्ट केलं, आणि जे निघाले ते जाड आणि रबरासारखे. त्यातला त्यात बरा घेऊन त्यात कोळंबी घातली आणि आईपुढं नेला. तिनं एक घास तोंडात घेतला. तिचा घसा हलला, मग थांबला, आणि तिनं तो घास फडक्यात काढून टाकला. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "नको गो बाय. तू दमलीस." दमलेली कोण होती ते दिसत होतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. नाडी धरून बसले, डोळ्यांच्या खालचं कातडं ओढून पाहिलं. ओटीवर येऊन बाबांना म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही राहिलं नाही तर मुंबईला न्यावं लागेल." बाबांनी विचारलं, "नेववेल?" डॉक्टर बॅग उचलून घाईनं पायऱ्या उतरले. वटारहून बैलगाडीनं सोपाऱ्याचं स्टेशन, तिथून गाडी. आई त्या प्रवासात टिकणार नाही हे त्यांच्या त्या घाईवरून मलाही कळलं.

रविवारी सकाळी मिस्सा सुटली आणि लोक आमच्याकडं यायला लागले. आईला ओटीवर हवेशीर जागी निजवलं होतं. चर्चला जायच्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं अंगणात आणि ओटीवर होती. आजी तिच्या जागेवर, खांबाला टेकून. मी स्वयंपाकघरात पुन्हा पीठ वाटत होते, या वेळी जिरं नाही, आंबट पाणी नाही. दाराआडून आवाज येईल म्हणून मी कान लावून होते.

आवाज आला नाही. बाबांच्या ट्रंकेचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी सदऱ्यावर पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा स्वयंपाक्याचा एप्रन कमरेला घट्ट बांधला होता, साहेबाच्या घरचे खानसामे बांधतात तसा. हातात फडक्यात गुंडाळलेली पातळ सुरी. त्यांनी माझ्या पुढ्यातलं पिठाचं भांडं उचललं आणि म्हणाले, "घरातल्या चुलीवर मोठा हंडा मावायचा नाय. चल."

ते सरळ अंगणात गेले, जिथं आंघोळीचं पाणी तापवायची मोठी चूल होती. सगळ्यांच्या देखत. बाबांनी हंडा चढवला, त्याच्या तोंडावर धुतलेली मलमल ढोलाच्या कातड्यासारखी ताणून सुतळीनं आवळली, कडेला वाफेसाठी बोटभर जागा ठेवली. मग पिठात पाणी घातलं. मी म्हणाले, "बाबा, फार पातळ." ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता बघ."

मी पाहिलं. आयुष्यात खूप पाहिलंय त्यानंतर, पण असं बघणं पुन्हा झालं नाही. त्यांनी पळीनं मलमलीवर पीठ सोडलं आणि पळीच्या पाठीनं एकच गिरकी घेतली. एकच. पीठ आपणहून गोल झालं. झाकण ठेवलं. ते मोजत नव्हते, बघत नव्हते, त्या वेळात अर्नाळ्याच्या कोळणीकडून घेतलेली कोळंबी त्या पातळ सुरीनं बारीक करत होते, आणि सुरीचा आवाज एकसारखा, पावसाच्या पागोळ्या पडाव्या तसा. मग झाकण उचललं. कापडावर काहीच नव्हतं असं मला वाटलं. नुसती चमक होती. पातळ ओली सुरी त्यांनी कडेखाली सरकवली आणि ती चमक उचलून केळीच्या पानावर ठेवली. पापुद्र्यातून पानाच्या शिरा दिसत होत्या. मी वाकून मोजू शकले असते.

मला लाज वाटली नाही, वाईट वाटलं नाही, मला भीती वाटली. ज्या माणसाला आपण चहा नेऊन देतो, ज्याच्या सदऱ्याची बटणं लावतो, त्याच्या हातात हे होतं आणि सतरा वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. त्याच हातांनी ते ओटीवर मुकाट्यानं चहाचा कप धरून बसायचे.

सारण म्हणजे कोळंबी, मिरी, लसूण, कोथिंबिरीची मुळं ठेचून, गुळाचा एक खडा, सगळं निखाऱ्यांवर कढईत परतून. सयामला त्यात शेंगदाणा घालतात, तो त्यांनी गाळला. तिथं माशाचं खारं पाणी घालतात म्हणे, त्यांनी आमच्या खारवलेल्या मासळीच्या बरणीतले दोन थेंब घातले. परसातला पुदिना, लिंबाचे चार थेंब. पापुद्र्याच्या मधोमध चमचाभर ठेवून चारी बाजूंनी मिटवला. एवढंसं पांढरं गाठोडं, आतली कोळंबीची लाली बाहेर दिसणारी. ते त्यांनी वारा घालून गार केलं.

अंगणात कुणीतरी हसलं. आमच्या शेजारची एक थोराड बाई होती, आजीची चर्चच्या पायऱ्यांवरची जुनी श्रोती. ती मोठ्यानं म्हणाली, "अगो, इंजिनवाल्याला चूल बरी फुकता येते!" दोघा-चौघांनी तोंडं दाबली. मी आजीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता आणि ती जमिनीकडं बघत होती. बाबांनी ऐकलं असणार. त्यांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. पण हात थांबले नाहीत. पानावर तीन गाठोडी झाली तेव्हा ते उठले, तो पांढरा एप्रन तसाच अंगावर, आणि त्या सगळ्या माणसांमधून चालत ओटीवर आईपाशी गेले.

त्यांनी तिचं डोकं हातावर उचललं. आमच्याकडं चारचौघांत नवरा बायकोला हात लावत नसे. "ही पेज नाय," ते म्हणाले. "वास घे आदी."

आईनं वास घेतला. तोंड फिरवलं नाही. बाबांनी ते गाठोडं तिच्या ओठाला लावलं आणि ते तिच्या जिभेवरून जणू आपणहून आत गेलं. तिचा घसा हलला. आम्ही सगळे तिचा घसा बघत होतो, ती हसणारी बाईसुद्धा. थांबला नाही. पुन्हा हलला. आईनं डोळे मिटले, आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत गेलं. मग तिनं तोंड उघडलं, पाखराचं पिल्लू उघडतं तसं.

दुसरं गेलं. तिसरं गेलं. आम्ही वाट पाहिली. काहीच उलटून आलं नाही. आईनं हळूच विचारलं, "अजून हाय?" आजारी पडल्यापासून तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी खांब धरून रडायला लागले, आणि मला रडताना कुणी पाहिलेलं मुळीच चालत नाही.

बाबा परत चुलीपाशी आले. पळी घेतली, पीठ सोडलं. ती शेजारीण अजून तिथंच होती. हसत नव्हती आता, पण तिचं समाधान झालं नव्हतं. ती आजीकडं वळून म्हणाली, "खरं सांग गो, बोटीवर काय करतो तुजा ल्योक?"

आजी गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिला उठायला वेळ लागायचा. ती ओटीच्या पायऱ्या उतरून अंगणात आली, चुलीपाशी, बाबांच्या अगदी मागं, आणि चर्चच्या पायऱ्यांवरचा तिचा तो आवाज लावून म्हणाली, "रांदतो. बोटभर मानसांना रांदतो माजा ल्योक. कोन हाय तुमच्यात, माज्या सुनेच्या पोटात घास उतरवनारा? हाय कोन?"

बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी कडेखाली सुरी सरकवली, पापुद्रा उचलला, आणि तो मधोमध फाटला. त्या दिवशी त्यांच्या हातून फाटलेला तो एकच. आजी वाकली, त्यांच्या हातातून तो फाटका तुकडा घेतला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला.